न मोजलेली हवा

काकांनी डोळे मिटले, रबरी नळीचं एक टोक उजव्या कानात धरलं, दुसरं टोक इंजिनाच्या पाईपांवरून हळूहळू सरकवायला घेतलं, आणि गॅरेजमधलं झाडून सगळं थांबलं. दादाने कॉम्प्रेसर बंद केला. चिंगीने हातातला पाना आवाज होऊ नये म्हणून फडक्यावर ठेवला. रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यानेही टायर बडवायचं सोडलं. कान कामाला लागला की आजूबाजूने गप्प बसायचं, ही त्या गल्लीची वीस वर्षांची शिस्त होती.

‘कान’ म्हणजे काकाच. कुठल्या गाडीच्या पाईपातून हवा गुपचूप निघत असली आणि कुणाला म्हणून सापडत नसली, की सगळे गॅरेजवाले म्हणत, कानाला बोलवा. मग काका आपली दोन हात लांबीची नळी गळ्यात अडकवून डॉक्टरच्या तोऱ्यात जात, पाच मिनिटांत नेमकं बोट ठेवत आणि चहा पिऊन परत येत. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधणाऱ्यांची ते यथेच्छ टिंगल करत. ‘देवाने कान दिलेत ते काय नुसता चष्मा अडकवायला?’ हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पंक्चरवाल्याचं नाव तर त्यांनी ‘बुडबुडे’ असंच पाडलं होतं, आणि ते इतकं रुळलं की त्याची बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारायची.

आता त्या शांततेत काकांना ऐकू येत होता तो स्वतःचा श्वास आणि कानशिलात ठोकणारं रक्त. बाकी काही नाही. पाईप धड आहे म्हणून काही नाही, की ऐकणाराच कामातून गेलाय म्हणून काही नाही, हे त्यांना त्यांच्यापुरतंही सांगता आलं नसतं.

“पाईप ठीक आहे,” नळी काढत ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा ठाम लागला. सवय, दुसरं काय.

चिंगीचा चेहरा पडला. दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेदहा झाले होते.

चिंगी म्हणजे काकांच्या थोरल्या भावाची, दादाची मुलगी. एकोणतीस वर्षांची बाई, पण नाव अजून चिंगीच. गाडी चढाईच्या शर्यतीची होती: एका वेळी एक गाडी सुटते, डोंगरावरचा वळणावळणाचा रस्ता चढते, आणि घड्याळ काय ते सांगतं. चढाई आजच, दुपारी चारला. त्याआधी दोनच्या आत गाडी पायथ्याला तपासणीच्या फाटकातून आत गेली पाहिजे. आणि गाडीला गेले चार दिवस एक खोड लागली होती. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली, की ती क्षणभर अडखळून गोता खायची.

साध्या गाडीचं इंजिन आपल्या पोटापुरती हवा आपणच ओढून घेतं. या गाडीच्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारा एक पंप होता. सुपरचार्जर त्याचं नाव, गॅरेजमध्ये सगळे त्याला ब्लोअर म्हणत. तो हवा इंजिनात अक्षरशः कोंबतो. किती हवा आत गेली ते पाईपाच्या तोंडाशी बसवलेला मापक मोजतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सुटतं. आता हा मापक आणि ब्लोअर यांच्यामधल्या पाईपाला कुठे चीर पडली, तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते. हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. मिश्रण कोरडं पडतं, आग बेफाम तापते, आणि लोखंडाला लाजवेल असा पिस्टन मेणासारखा वितळतो. कळेपर्यंत भोक पडलेलं असतं.

गेल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं. शेवटून तिसऱ्या वळणावर धूर निघाला आणि गाडी दोरीने बांधून खाली आणावी लागली. त्याही दिवशी सकाळी काकांनी नळी लावली होती, त्याही दिवशी ते म्हणाले होते, पाईप ठीक आहे. आणि पाईप ठीक, म्हणजे दोष कुणाचा? दादाने चार लोकांत सांगून टाकलं, “पोरीचा पाय. मिश्रणाची सुई कोरड्याकडे झुकलेली दिसत होती, तरी उचलला नाही. गाडी चालवत नाही ती, दामटते.” चिंगी म्हणत राहिली की सुई झुकली आणि इंजिन गेलं ते एकाच दमात, मध्ये पाय उचलायला जागाच नव्हती. कोण ऐकतंय? नाचता येईना अंगण वाकडं, म्हणाले. पायथ्याच्या तंबूंमध्ये तिचं नाव ‘दामटी’ पडलं, ते पडलंच.

या वर्षी दादाने घरात सगळ्यांसमोर बजावलं होतं. ही शेवटची संधी. चालक बदलायचा कागद त्याने आधीच भरून खिशात ठेवला होता. बुडबुडेचा धाकटा भाऊ गाडी झकास चालवायचा, एका फोनवर हजर झाला असता.

“पाईप ठीक असेल,” दादा आता म्हणाला, “तर मग मला काही वेगळं सांगायला नको.”

चिंगी काकांकडे बघत होती. लहानपणी सायकलचं चाक वाकलं की बघायची, तशीच.

आणि काका पाईपाकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

खरं काय होतं ते एकट्या काकांना ठाऊक होतं. गेल्या वर्षीच्या चढाईनंतर चार महिन्यांनी काकूंना ताप आला. काकांनी त्यांच्या काखेत थर्मामीटर लावलं आणि समोर बसून राहिले. बसले, बसले. मग म्हणाले, बिघडलेलं दिसतंय, वाजतच नाही. काकू तापातसुद्धा हसल्या. “अहो, केव्हाचं वाजतंय. मला वाटलं तुम्ही मुद्दाम बसलाय लाडाने.” काकांनी ते कानाशी नेलं. काकू म्हणत होत्या वाजतंय, आणि त्यांच्या कानाला तो नुसता प्लास्टिकचा तुकडा होता. माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, इंजिनाची धडधड ऐकू येत होती. गेले होते ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज. आणि चिरेतून निघणाऱ्या हवेचा आवाज त्याच पट्टीतला.

दुसऱ्या दिवशी ते पहाटे उठून गॅरेजमध्ये आले. जळालेल्या इंजिनाचा तो जुना पाईप फळीवर पडला होता. घड्याघड्यांचा, वाकवता येणारा रबरी पाईप. त्याची दोन्ही तोंडं बंद करून, हवा भरून त्यांनी तो पाण्याच्या बादलीत बुडवला. एका घडीच्या खालच्या अंगाने बुडबुड्यांची बारीक ओळ वर आली. काका त्या ओळीकडे किती वेळ बघत बसले होते, कोण जाणे. मग त्यांनी पाईप पुसला, फडक्यात गुंडाळला आणि पुढच्या गल्लीतल्या कचरापेटीत टाकून आले. आपल्या गल्लीतल्या नाही. एवढं डोकं तेव्हाही चालत होतं.

त्याला आठ महिने झाले. बाहेरच्या गॅरेजांची बोलावणी आली की आता गुडघे दुखायचे. घरच्या गाड्यांना अंदाज, अनुभव आणि हाताची बोटं पुरत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. साबणाचं पाणी लावलं असतं तर दोष कधीच दिसला असता, पण वीस वर्षं ज्याची टर उडवली ते आज कोणत्या तोंडाने मागायचं? आज साबण का, असं कुणी नुसतं विचारलं तरी मूठ उघडली असती.

आणि तरीही काका अगदीच हात टेकून बसलेले नव्हते. गेल्या वेळची चीर कुठे होती ते त्यांना पाठ होतं. दाबली की इंजिन एका बाजूला कलतं, पाईप ताणला जातो, आणि तीच घडी उघडते. या वेळीही तिथेच असणार. मग गुपचूप पाईप बदलला की झालं. चिंगीची चढाई वाचली, आपली अब्रू वाचली, कुणाचं काही बिघडलं नाही.

“तरी पण दादा,” ते म्हणाले, “हा घड्यांचा पाईप वर्षाचा झाला. रबर आहे, त्याचा काय भरवसा. बदलून टाकू. नवा पडलाय कपाटात.”

“ठीक आहे म्हणतोस आणि बदलतोस?”

“मनाचं समाधान रे.”

दादाने खांदे उडवले. काकांनी पाईप आवळून धरणाऱ्या पट्ट्या सैल केल्या, जुना पाईप काढला आणि पाठ फिरवून त्याची ती घडी बोटांनी उलटी केली. रबर काळंभोर, ताजं. त्यांनी दुसरी घडी उलटली. तिसरी. एकूण एक घडी उलटून पाहिली, नख फिरवून पाहिलं. चीर कुठेही नव्हती.

दोष दुसरीकडे कुठेतरी होता, आणि तो कुठे, हे सांगणारं काकांजवळ आता काहीच नव्हतं. तरीही त्यांनी नवा पाईप बसवला, पट्ट्या आवळल्या, हात पुसले आणि म्हणाले, “बघ आता चालवून.” चुकून नशीब उघडलं तर उघडलं.

गोदामांच्या मागे एक नवा रस्ता होता. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या भिंती, रहदारी नाही. चिंगीने गाडी तिथे नेली, काका शेजारी बसले. दादा मागे गॅरेजमध्येच थांबला. जाताना नुसतं म्हणाला, “पायाकडे लक्ष ठेव तिच्या.”

“ठेवा लक्ष,” पट्टा आवळत चिंगी म्हणाली. “मीही वर्षभर तेच करतेय. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पायाखाली स्पंज ठेवते आणि दाबायची सवय करते. हळू, मग अर्धा, मग पूर्ण. आई म्हणते, खूळ लागलंय.”

काकांनी काच उगाचच खाली केली, पुन्हा वर केली.

“एक सांगू? आता मलाच वाटायला लागलंय की मी खरंच दामटली असेन. मला आठवतं ते वेगळंच आहे. पण सगळेच म्हणतात, तर माझंच आठवणं चुकत असेल.”

पहिला गिअर, दुसरा. ब्लोअरचा घोगरा आवाज पाठीत घुमायला लागला. तो काकांना छान ऐकू येत होता, आणि त्याने क्षणभर जिवाला बरंही वाटलं. तिसरा. चिंगीने पाय दाबायला सुरुवात केली, आणि काका तिच्या बुटाकडे बघत होते. इतक्या सफाईने दाबणारा पाय त्यांनी वीस वर्षांत चालकांच्या अख्ख्या पिढीत पाहिला नव्हता. पाय तळाशी टेकला. गाडी पुढे झेपावली, आणि मध्येच कुणीतरी मागून शेपूट धरावी तशी अडखळली. सुई सरकन कोरड्याकडे गेली.

चिंगीने पाय तत्काळ उचलला. गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवली. तिचे हात स्टिअरिंगवरच होते.

“बघितलंत?” ती म्हणाली. “पाय बघत होतात ना तुम्ही?”

“बघत होतो.”

“मग?”

काकांनी समोरच्या रस्त्याकडे नजर वळवली. “चल मागे,” ते म्हणाले.

गॅरेजमध्ये आले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. दादा दारातच उभा होता. चिंगीचं तोंड बघूनच तो काय ते समजला. त्याने काही आरडाओरडा केला नाही. तो आरडाओरडा करणाऱ्यातला नव्हताच, आणि तेच वाईट होतं. त्याने खिशातून तो कागद काढून टेबलावर सपाट केला आणि फोन उचलला.

“कानाने ऐकलं,” तो चिंगीला म्हणाला. “नवा पाईपही घातला. मी आणखी काय करू सांग? गाडी जाळू पुन्हा? या वेळी बुडबुडेचा भाऊ चालवू दे. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी तुम्ही देणार नाही, बाबा.”

“मग नाही देणार.”

चिंगीने हेल्मेट बाकावर ठेवलं. रडली नाही. हातमोजे मात्र तिला धड काढता येईनात. एक बोट अडकलं होतं, ती ते ओढत राहिली.

काकांना तिथून निघून जावंसं वाटलं. खरोखर वाटलं. गुडघे दुखतात म्हणावं, घरी जावं, संध्याकाळी काय झालं ते विचारावं. पण बुडबुडेचा भाऊ हीच गाडी घेऊन चढणार होता, आणि चीर कुठे आहे ते माहीत नसताना शेवटून तिसऱ्या वळणावर आणखी एक पिस्टन वितळणार होता. आणि तसं झालं नसतं तरी हातमोज्यात अडकलेलं ते बोट त्यांनी पाहिलं होतं.

“दादा, फोन ठेव.”

“का?”

“मला ऐकू येत नाही.”

दादाने आवाज चढवला. “म्हटलं, का?”

“तसं नाही रे. तू बोलतोस ते येतं. बारीक आवाज येत नाहीत. शिट्टी, घंटी, हवा. हवा तर मुळीच येत नाही.” एवढं बोलून काकांना धाप लागली. “मघाशी नळी लावली तेव्हा मला काहीही ऐकू आलेलं नाही. पाईप ठीक आहे म्हणालो ते नुसतंच म्हणालो.”

गॅरेजमध्ये पुन्हा शांतता पसरली. या वेळी ती कुणी मागितली नव्हती. फोनवर पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. दादाने न बघताच तो बंद केला.

चिंगीने पुढे येऊन काकांच्या गळ्यातली नळी काढून घेतली. विचारलं नाही, सरळ काढली. पाईपाच्या तोंडात लाकडी बूच बसवलं, हवेची नळी जोडली, दाबाचा काटा आठ पौंडांवर आणला आणि कॉम्प्रेसर बंद केला. मग नळी कानात घालून वाकली. घड्यांच्या पाईपावरून नळी पुढे गेली, ब्लोअरला वळसा घालून खाली उतरली आणि थांबली.

“हे काय,” ती म्हणाली. “इथे तर शिट्टी वाजतेय.”

अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. तिने नळी दादाच्या कानाला लावली. दादाने, बासष्ट वर्षांच्या, कानात केस उगवलेल्या दादाने, मान हलवली. त्यालाही येत होतं.

ब्लोअरच्या पोटाखाली, जास्तीची हवा परत फिरवणारी छोटी नळी मुख्य पाईपात शिरते, तिथला रबरी जोड. वरून पाहिलं तर दिसतही नव्हता. तेवढ्यात बुडबुडे रस्ता ओलांडून आला. त्याने सगळं ऐकलं असावं, दारं उघडीच होती. हातात साबणाच्या पाण्याची वाटी आणि ब्रश. तो टोमणा मारेल म्हणून काकांनी मन घट्ट केलं. पण वाटी चिंगीच्या हातात देऊन तो खाली मान घालून परत गेला. टोमणा परवडला असता.

चिंगीने ब्रश फिरवला. जोडाच्या खालच्या अंगाला, पट्टीच्या कडेलाच, पांढरा फेस फुगून आला.

जोड बदलायला हात खाली जायला हवा, आणि त्या फटीत नुसत्या स्पर्शाने काम करू शकणारा हात एकट्या काकांचा होता. कान गेले तरी बोटं शाबूत होती. कपाटातून तेवढ्याच जाडीची नळी काढून त्यांनी कापली, फळीवर उताणे पडून गाडीखाली सरकले. चिंगी वरून बॅटरीचा उजेड धरून होती. दादा टेबलाशी बसला होता. घड्याळात एक वाजायला आला होता. जुना जोड निघाला. नवा सरकवताना काका दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बसला.

“काका,” वरून चिंगीचा आवाज आला. “मागच्या वर्षी?”

पाना थांबला.

काकांना तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला त्यांचा. मागच्या वर्षी कान ठणठणीत होते, असं म्हटलं की विषय संपत होता. कोण तपासणार? पाईप पुढच्या गल्लीतल्या कचरापेटीतून केव्हाच गेला होता. म्हाताऱ्याचे कान अलीकडेच गेले, कबूल केलं बिचाऱ्याने, लोकांनी उलट कौतुकच केलं असतं. तोंडाशी आलेलं ते वाक्य किती गुळगुळीत होतं, याची काकांना पुढे बरेच दिवस लाज वाटत राहिली.

“मागच्या वर्षीही येत नव्हतं,” ते गाडीखालून म्हणाले. “तेव्हा मला माहीत नव्हतं. चार महिन्यांनी कळलं. मग तो जुना पाईप मी पाण्यात बुडवून पाहिला. चीर होती. तू म्हणत होतीस तसंच झालं होतं. पाईप मी फेकून दिला.”

उजेड हलला नाही. हलला असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

“म्हणजे आठ महिने तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आठ महिने मी स्टुलावर बसून स्पंज दाबतेय.”

काकांनी पट्टी आवळली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मग ते फळीवरून सरकत बाहेर आले आणि बसल्या जागेवरून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते.

“कान जातात हो काका,” ती म्हणाली. “सगळ्यांचेच जातील. तुमच्या कानाने मला काही केलं नाही. मला तुमचं तोंड हवं होतं. एकदा उघडायचं होतं फक्त.”

दादा टेबलाशी उठून उभा राहिला होता. त्याने तो कागद चुरगाळून मुठीत धरला होता. “चिंगे,” तो म्हणाला, “मी तेव्हा...”

“बाबा, तुमच्याशी मी नंतर बोलेन. आधी फाटक.”

गोदामांमागच्या रस्त्यावर तिने एकटीने एक फेरी मारली. परत आली ती नुसती मान हलवून: सुई जागची हलली नाही. दोनला दहा कमी असताना गाडी फाटकातून आत गेली.

पायथ्याच्या मोकळ्या जागेत दोन रांगांत तंबू होते. प्रत्येक तंबूत एक गाडी, चार माणसं आणि भरपूर गप्पा. काका सवयीने आपल्या तंबूत हत्यारांची पेटी लावायला वाकले, तशी चिंगीने पेटीवर हात ठेवला.

“इथे नको तुम्ही,” ती म्हणाली. “तुम्ही जा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक तंबूत. ज्याने ज्याने मला दामटी म्हटलंय त्याला सांगा. मी सांगून कुणाला पटत नाही. तुमच्या शब्दाला वजन आहे ना इथे? कानाने सांगितलं म्हणजे झालं. मग जा, सांगा.”

“आत्ता?”

“मी चढायला निघायच्या आत.”

काका निघाले. पहिल्या तंबूत त्यांना पाहून सगळे उठले, खुर्ची पुढे केली. ‘या, बरं झालं आलात, आमच्या पाईपाला जरा कान लावता का?’ काका उभेच राहिले आणि म्हणाले, मला ऐकू येत नाही. मग बाकीचं सांगितलं. कुणी हसलं नाही. एकाने नुसती पुढे केलेली खुर्ची हळूच मागे ओढून घेतली. दुसऱ्या तंबूतला म्हातारा मेकॅनिक म्हणाला, “वर्ष झालं, आता उकरून काय उपयोग? पोरीला तर सगळं विसरायला झालं असेल.” काका म्हणाले, “तिला झालेलं नाही.” तिसऱ्या तंबूत दोन तरुण चालक होते. त्यांच्यातल्या एकाने काकांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “पाईप फेकला का पण?” उत्तर एका शब्दाचं होतं, आणि काकांनी ते दिलं. “भ्यालो.”

पुढे पुढे सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. नाही गेलं. दर तंबूत ते नव्यानेच बोलायला लागे, आणि दर तंबूत ऐकणाऱ्याच्या तोंडावर तोच बदल होताना उभं राहून बघावा लागे. वीस वर्षांत मिळवलेलं सगळं ते दाराबाहेर पडायच्या आत संपलेलं असे.

मधेच कर्ण्यावरून काहीतरी पुकारलं गेलं. काय ते काकांना कळलं नाही, पण तंबूतली माणसं रस्त्याकडे सरकली, त्यावरून समजलं. ते तेव्हा सातव्या तंबूत होते. समोर उभा असलेला जाडा माणूस म्हणजे ‘दामटी’ हे नाव ज्याच्या डोक्यातून निघालं तोच. काकांचं वाक्य अर्धं झालं होतं आणि त्याने मान वळवली.

“थांबा हो जरा,” तो म्हणाला. “तुमचीच सुटतेय.”

काकांनाही बघायचं होतं. जीव तुटत होता. पण मध्ये माणसांची भिंत झाली होती, काही दिसत नव्हतं. मग ते ऐकत राहिले. ब्लोअरचा तो घोगरा, छातीत घुमणारा आवाज त्यांना येत होता. पहिला गिअर. दुसरा. पहिलं वळण. मग तिसरा पडला आणि आवाज भरत गेला, भरत गेला. पाय तळाशी टेकला असणार. काकांनी श्वास धरला. एक, दोन, तीन, चार. गोता नाही. आवाज तसाच भरलेला डोंगराच्या आड गेला.

लोक मागे वळले. जाड्या माणसाने कपाळाचा घाम पुसला. “चांगली नेली हो,” तो म्हणाला. “तुम्ही काय म्हणत होतात मघाशी? या गोंगाटात ऐकूच आलं नाही.”

“मागच्या वर्षीचं इंजिन तिने नाही जाळलं,” काका पुन्हा पहिल्यापासून म्हणाले, या वेळी जास्त मोठ्याने. “मी जाळलं.”

अजून पाच तंबू राहिले होते.